देशी प्यायल्यावर चेहरा पेटतो: बीजप्रक्रियेच्या हंगामातलं एक प्रकरण

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी त्वचारोगांचा दवाखाना चालवते. हे प्रकरण त्याच भागातलं. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. स्वस्त दारू प्यायल्यावर तोंड लाल होतं, अंगावर खाज येते, ही तक्रार घेऊन येणारे बरेच असतात आणि बहुतेक वेळा 'दारू सोडा' एवढं सांगून त्यांची बोळवण होते. ते दोन शब्द सांगून थांबलो असतो तर काय काय राहून गेलं असतं, हे दाखवण्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

जूनचा पहिला पंधरवडा आमच्याकडे सोयाबीनच्या धावपळीचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. पण वाफसा आला की कुणी थांबत नाही, त्यामुळे बियाणं आधीच तयार ठेवावं लागतं. घरचं सोयाबीन बियाण्यासाठी राखणारे शेतकरी ते चाळून, निवडून, बुरशीनाशक लावून घ्यायला गावातल्या शेडवर आणतात. गजानन अशाच एका शेडवर हंगामी मजुरीला होता. वय ३८, दीड एकर कोरडवाहू, घरी आई, बायको सुनंदा, दोन मुलं, आणि भिंतीला भिंत लागून थोरल्या भावाचं घर.

गजानन पितो. पंधराएक वर्षांपासून पितो. संध्याकाळी परवाना असलेल्या दुकानातून देशीची क्वार्टर घ्यायची, दुकानामागच्या बाकड्यावर सोबत्यांबरोबर संपवायची आणि घरी यायचं. हे त्यानं पहिल्याच भेटीत आडपडदा न ठेवता सांगितलं. पुढचा उलगडा त्यामुळेच शक्य झाला. दारूबद्दल विचारताना डॉक्टरच्या कपाळावर आठी दिसली की रुग्ण निम्मं गिळून टाकतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

तक्रार

शेडवर काम सुरू होऊन आठवडा उलटला आणि एका संध्याकाळी पहिला ग्लास संपतो न संपतो तोच त्याचा चेहरा गरम झाला. कान, मान, छातीचा वरचा भाग जळायला लागला. डोळे लालबुंद, कपाळावर ठोके, छातीत धडधड, मळमळ. दीडएक तासानं सगळं ओसरलं. दुसऱ्या दिवशी तेच, आणि चवथ्या-पाचव्या दिवशी तर अर्ध्या ग्लासातच. "मॅडम, दारूच खराब येऊन राह्यली. पयले असं नोतं होत. आता निरा तोंड पेटल्यासारखं होते," असं तो म्हणाला.

सावळ्या कातडीवर हा लालपणा ठळक दिसत नाही, हे इथे सांगायला हवं. गोऱ्या चेहऱ्यावर जो टोमॅटोसारखा रंग दिसतो तो आमच्या रुग्णांत तांबूस-काळपट छटेसारखा दिसतो, आणि पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून विचारताना 'लाल झालं का' यापेक्षा 'गरम झालं का, कान तापले का, डोळे लाल झाले का' असं विचारावं.

याशिवाय दुसरीही एक गोष्ट होती. तो ती वेगळी तक्रार समजतच नव्हता. पापण्या सुजल्या होत्या, मनगटापासून कोपरापर्यंत खाजरं पुरळ होतं, बोटांच्या बेचक्यांत पाणी सुटून कातडी सोलली होती. हेही दारूचंच, असं त्यानं गृहीत धरलं होतं.

दवाखान्यात येण्याआधी बरंच काही होऊन गेलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं होतं. मेडिकलवाल्यानं एक मलम दिलं होतं. आमच्याकडे गजकर्णासाठी सर्रास खपणारं, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं. ते तो चेहऱ्याला चोळत होता. बाकड्यावरच्या मंडळींनी 'डुप्लिकेट माल आला' असा निकाल दिला होता आणि दुकानदाराशी शिवीगाळ झाली होती. सगळ्यात वाईट प्रकार मात्र घरात घडला होता. थोरल्या भावानं सुनंदावर आळ घेतला होता की तीच जेवणात 'दारू सोडवायची पावडर' टाकते.

शक्यता आणि त्यांचा विचार

पहिला प्रश्न जिवाचा होता. विषारी दारू म्हटलं की महाराष्ट्रात कुणालाही २०१५ सालची मालवणी आठवते. मुंबईच्या त्या वस्तीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. म्हणून आधी नजर तपासली. धूसर दिसतं का, डोळ्यांपुढे पांढरं धुकं येतं का, पोटात सतत दुखतं का, श्वास जोरात चालतो का. यातलं काहीच नव्हतं. शिवाय मिथेनॉलचा त्रास असा पंधरा मिनिटांत येऊन दीड तासात जात नाही. तो बहुधा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो आणि मग वाढतच जातो. त्यात पहिल्या काही तासांत माणूस साधा झिंगल्यासारखाच दिसतो, हेच त्याचं भयंकरपण. गजाननची दारू सीलबंद बाटलीतली होती आणि त्रासाचं वेळापत्रक मिथेनॉलशी जुळत नव्हतं. ही शंका इथे मागे पडली, तरी 'नजर धूसर झाली तर रात्र असो की पाऊस, थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं' हे त्याला आणि भावाला दोघांनाही बजावलं.

दुसरी शक्यता जन्मजात दोषाची. दारूतलं इथेनॉल यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग दुसऱ्या एका एन्झाइममुळे त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट होतं. हे दुसरं एन्झाइम दुबळं असेल तर ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं आणि चेहरा तापतो, धडधडतं, मळमळतं. जपान, चीन, कोरियातल्या लोकांत असं दुबळं एन्झाइम पुष्कळांना असतं. आपल्याकडे ते विरळ आहे. आणि ज्याला ते असतं त्याला पहिल्या घोटापासून, तरुणपणापासून त्रास होतो. पंधरा वर्षं सुखेनैव पिणाऱ्याला एकाएकी जूनमध्ये जन्मजात दोष होत नाही.

तिसरी शक्यता औषधांची. जुलाबावर सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल, गजकर्णावर दिली जाणारी ग्रिसिओफुल्विन, काही प्रतिजैविक इंजेक्शनं, यांच्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होऊन धडधड होऊ शकते. पापणीच्या आणि चेहऱ्याच्या इसबावर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस मलमानंही दारू प्यायल्यावर काहींचा चेहरा तापतो. गजाननकडच्या पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर उलटी केली. त्यात यातलं काही नव्हतं. स्टेरॉइडच्या मलमानं चेहऱ्याची कातडी पातळ होऊन ऊन, तिखट, दारू यांनी ती लाल होते हे खरं, पण मलम त्रास सुरू झाल्यानंतर आलं होतं. कार्यकारणाचा क्रम उलटा होता. ते मलम मात्र त्याच दिवशी बंद केलं.

रोझेशिया हा चेहऱ्याचा आजार, दारूतल्या रंगद्रव्यानं किंवा स्वादद्रव्यानं येणारं पित्त, या शक्यताही मनात होत्या. पण पित्ताच्या गांध्या उठतात आणि फिरत्या असतात. त्या इथे नव्हत्या. रोझेशियाच्या पुटकुळ्या नव्हत्या. शिवाय दोन्हींत धडधड आणि मळमळ अशी घड्याळ लावल्यासारखी येत नाही.

चौथी शक्यता सर्वांत नाजूक. सुनंदा खरंच पावडर देत होती का? ही शंका वेडगळ नव्हती. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती आमच्याकडे भिंतींवर आणि आता फोनवर येतात, आणि अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं मान्यताप्राप्त औषध आहे, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, हृदय-यकृत तपासून द्यायचं असतं. चोरून दिलं आणि माणसानं त्यावर भरपूर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून, हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. गजाननची लक्षणं या औषधाच्या लक्षणांशी तंतोतंत जुळत होती. भावाचा अंदाज रसायनाच्या बाबतीत चुकीचा नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. प्रश्न एवढाच होता की ते रसायन कुठून येत होतं.

निर्णयाचा पहिला टप्पा: घराकडे बघायचं की कामाकडे

इथे दोन रस्ते होते. सुनंदाला बोलावून सरळ विचारायचं, किंवा आधी इतर माहिती गोळा करायची. आधी विचारलं असतं तर भावाच्या आळाला डॉक्टरचा शिक्का मिळाला असता. तिनं नाही म्हटलं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून मी गजाननला एक साधं काम दिलं. असाच त्रास आणखी कुणाकुणाला होतो आणि कुणाला होत नाही, हे त्यानं बाकड्यावर विचारून यायचं.

मला त्याच्या नखांनी या वाटेला लावलं होतं. नखांच्या कडांना आणि तळव्याच्या रेषांत फिका गुलाबी रंग मुरला होता. विचारलं तर म्हणाला, "बियाण्याचा कलर हाय, धुतल्यानं जात नाही." पुरळही जिथे धूळ बसते तिथेच होतं: पापण्या, गळपट्टीची कडा, मनगटं, कोपराच्या आतली घडी. शर्टाखालची पाठ आणि पोट साफ होतं.

चार दिवसांनी तो यादी घेऊन आला. शेडच्या आत बियाण्याला भुकटी लावणारे चौघं. त्यांतले तिघं पितात आणि तिघांनाही हाच त्रास. बाहेर पोती उतरवणारे दोन हमाल त्याच बाकड्यावर बसून त्याच दुकानाची तीच संत्रा पितात. त्यांना काही नाही. आणि भुकटी लावणाऱ्यांतला एकजण सोयऱ्याच्या लग्नात 'इंग्लिश' प्यायला होता, चांगली महागातली. त्याला तिथेही तेच झालं होतं.

त्या यादीनं बाटलीवरचा संशय पुसला. तीच दारू पिऊन काहींना काहीच होत नाही, दुसरी दारू पिऊनही शेडमधल्याला होतं, आणि तिघांच्या तीन वेगवेगळ्या घरांत तीन बायका एकाच आठवड्यात पुड्या टाकायला लागतील हे अशक्य.

चौथी व्यक्ती एक बाई होती, वत्सलाबाई. त्या पीत नाहीत. पापण्यांच्या खाजेसाठी त्या त्याच आठवड्यात स्वतःहून माझ्याकडे आल्या. शेडवर काम करते म्हणाल्यावर मी विचारलं, कधी चेहरा एकदम गरम होऊन छातीत धडधडतं का? त्या गप्प झाल्या. सोबतची सून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "होते, मॅडम. पण म्या कधी थेंब नाही घेतला. लोकं काय म्हणतीन?" मग कळलं की त्या अंगावरच्या त्रासासाठी अशोकारिष्ट घेतात, जेवणानंतर दोन-दोन मोठे चमचे. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. साधारण पाच ते दहा टक्के. तेवढंही त्यांना पुरत होतं. वर्षानुवर्षं घेतलेलं औषध आपल्याला दारूसारखं का चढतं, या भीतीनं ती बाई आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती.

भुकटीत काय होतं

गजाननला पाकिटाचा फोटो काढून आणायला सांगितला. कार्बोक्सिन ३७.५ टक्के, थायरम ३७.५ टक्के. सोयाबीनला किलोमागे ३ ग्रॅम, ही शिफारशीतलीच मात्रा. औषध बनावट नव्हतं आणि मात्राही चुकीची नव्हती. मूळकूज, खोडकूज टाळायला ही बीजप्रक्रिया उपयोगी आहे, आणि ती करू नका असं मी कुणाला सांगणार नाही.

पण थायरम म्हणजे डायसल्फिरामचा सख्खा भाऊ. डायसल्फिराममध्ये जिथे चार इथिल गट असतात तिथे थायरममध्ये चार मिथिल गट. बाकी सांगाडा तोच. हे नातं फार जुनं आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याचे डॉक्टर विल्यम्स यांनी लिहून ठेवलं होतं की थायरम हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. रबर पक्कं करताना ही द्रव्यं लागतात. पुढे १९४८ मध्ये डेन्मार्कमधल्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी डायसल्फिरामचा हा गुण औषध म्हणून पुढे आणला. ते खरं तर जंतावरचं औषध शोधत होते आणि गोळी स्वतः घेऊन बघताना दारूनं आपल्याला त्रास होतो हे त्यांच्या ध्यानात आलं. १९६४ साली शेली नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी गोल्फच्या मैदानावर मारलेल्या थायरममुळे झालेलं पुरळ नोंदवताना दारू, डायसल्फिराम आणि रबर या तिन्हींचा धोका एकत्र मांडला होता. म्हणजे आमच्या शेडमध्ये जे घडत होतं ते वैद्यकाला माहीत नसलेलं काही नव्हतं.

दोन्ही द्रव्यं ॲसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम कायमचं निकामी करतात. शरीराला नवं एन्झाइम तयार करावं लागतं, म्हणून शेवटच्या संपर्कानंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूनं त्रास होऊ शकतो. रविवारी सुट्टी घेऊनही तोंड तापतं, म्हणजे शेडचा संबंध नाही, असं जे गजानन म्हणत होता त्याचं उत्तर हे होतं.

ही भुकटी शरीरात जात कशी होती, हे बघायला शेडवर जावं लागलं.

निर्णयाचा दुसरा टप्पा: मालकाला काय सांगायचं

मजुरांची अडचण स्पष्ट होती. 'आमचे लोक दारू पिऊन आजारी पडतात' असं मालकाच्या कानावर गेलं तर हंगामाची मजुरी जायची. कोण पितं हे सांगणं हा रुग्णाच्या विश्वासाचा भंगही झाला असता. उलट काहीच न सांगता फक्त औषध दिलं असतं तर भुकटी रोज अंगावर पडतच राहिली असती. मी मधला रस्ता घेतला. शेडवर हाताच्या पुरळाच्या तक्रारी वाढल्या आहेत, सगळ्यांची त्वचा तपासणी करून देते, असं मालकांना कळवलं. हे खरंच होतं, आणि त्यात दारूचा उल्लेख करायची गरज नव्हती.

शेडमध्ये मोठी ताडपत्री अंथरलेली. तिच्यावर बियाण्याचा ढीग, त्यावर पाण्याचा हलका शिडकावा, मग पाकीट फोडून भुकटी टाकायची आणि दोघांनी समोरासमोर बसून हातांनी वरखाली करायची. दिवसाला साधारण ३० क्विंटल बियाणं, म्हणजे ९ किलो भुकटी, म्हणजे तीन किलोहून जास्त थायरम. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत ती गुलाबी धूळ तरंगताना दिसत होती. तोंडाला रुमाल बांधलेला, तोही घामानं ओला आणि गुलाबी झालेला. बीजप्रक्रियेचा झाकणाचा ड्रम कोपऱ्यात उभा होता. त्यात एका वेळी थोडंच बियाणं बसतं म्हणून घाईच्या दिवसांत तो वापरत नव्हते.

मी तिथे असतानाच गजाननच्या सोबत्यानं खिशातून डबी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना घेतला, त्याच गुलाबी अंगठ्यानं मळला, थाप मारली आणि ओठामागे धरला. दिवसातून अशा कितीतरी चिमटी. डायसल्फिरामची नेहमीची गोळी २५० मिलिग्रॅमची असते. थायरमची मात्रा तिच्याशी जशीच्या तशी ताडता येणार नाही, पण नाकावाटे आणि तंबाखूबरोबर पोटात काय जात असेल याचा अंदाज मला तिथे उभ्या उभ्या आला.

मालकांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच होती. हमालांपैकी कुणीतरी आधीच बोललं होतं. "मॅडम, हे दारू पेतात म्हणून होते. नका म्हणा पेऊ." यातला अर्धा भाग बरोबर आहे: दारू नसेल तर चेहरा तापणार नाही. पण थायरम तरीही शरीरात जाणारच. वत्सलाबाई पीत नाहीत, त्यांच्या पापण्या सुजल्याच होत्या. चेहरा तापणं ही शरीरानं दिलेली सूचना होती. ती बंद करून कारण संपत नाही. हे मी त्यांना वत्सलाबाईंचं अरिष्ट न सांगता, फक्त पापण्या दाखवून सांगितलं, आणि ते त्यांना पटलं. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार असं औषध हाताळणाऱ्या मजुरांना संरक्षक कपडे आणि श्वसनाचं साधन देणं मालकावर बंधनकारक आहे, हेही सांगितलं. धमकी म्हणून नाही; त्यांना ते माहीतच नव्हतं. बुरशीनाशक कीटकनाशक कायद्यात येतं हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

केलेली उपाययोजना

गजाननला भुकटीच्या कामातून काढून पोती शिवण्याच्या कामावर घ्यायला मालक तयार झाले, त्याच मजुरीवर. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं औषध ठरलं. हातांच्या पुरळावर मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम थोडे दिवस, पापण्यांना फक्त साधं व्हॅसलीन, रात्री खाजेची गोळी. टॅक्रोलिमस मुद्दाम दिलं नाही. दारू घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच पुन्हा गोंधळ घालेल.

दारूबद्दल बोलताना मी 'सोडा' असं म्हटलं नाही. शेवटच्या संपर्कानंतर पुरे दोन आठवडे एक थेंबही नाही, असं ठरावीक मुदतीचं बोलले. 'थोडी घेऊन बघतो' हा प्रयोग करायचा नाही, कारण याच त्रासात रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. छातीत दुखलं, भोवळ आली, श्वास लागला तर आडवं करून पाय उंच ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा. खोकल्याची काही औषधं, टॉनिक आणि आसव-अरिष्टंही तेवढ्या काळात बंद. वत्सलाबाईंना अरिष्टाऐवजी त्यांच्या त्रासाची नीट तपासणी करायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. अंगावर जास्त जातं ही तक्रार वर्षानुवर्षं बाटलीवर भागवली जात होती.

शेडवर ड्रम पुन्हा सुरू झाला, झाकण लावून. रुमालाऐवजी धूळ अडवणारे मास्क आले. तंबाखू सुटणार नव्हती, म्हणून निदान हात साबणानं धुतल्याशिवाय डबी उघडायची नाही, एवढं ठरलं. कामाचे कपडे शेडवरच ठेवायचे आणि वेगळे धुवायचे.

हातमोज्यांनी एक वळण घेतलं. मालकांनी चांगल्या मनानं बाजारातले जाड रबरी हातमोजे आणले, आणि तीन दिवसांत गजाननचे हात आधीपेक्षा चिघळले, जरी तो आता भुकटीला हातही लावत नव्हता. थायरम ज्या थायुरम कुळातलं आहे त्याच कुळातली, रबर पक्कं करायला वापरली जाणारी द्रव्यं हातमोज्यांतही राहतात. ज्याला थायरमची ॲलर्जी झाली आहे त्याला रबरी हातमोजा म्हणजे तेच द्रव्य घट्ट बांधून ठेवल्यासारखं. त्याच्यासाठी विनाइलचे हातमोजे मागवले, आत सुती अस्तर घालून.

सुनंदा

या सगळ्यात तिच्याशी बोलणं मी आशाताईंना सोबत घेऊन केलं, गजानन आणि भाऊ नसताना. तिनं सांगितलं की दिरानं तिचा मसाल्याचा डबा, पीठ, मुलीच्या शाळेचं दप्तरसुद्धा उपसून पाहिलं होतं. गजानन दोन आठवडे बाहेरून भेळ, वडापाव खाऊन येत होता, तिच्या हातचं जेवत नव्हता. "टाकाचं असतं तं कवाचंच टाकलं असतं, मॅडम. पंधरा वर्सं पाहून राह्यली म्या."

मग भावाला आणि गजाननला बोलावलं. यादी पुढे ठेवली, पाकिटाचा फोटो दाखवला. तीन घरांतल्या तीन माणसांचा मुद्दा भावाला लगेच कळला. 'चूक झाली' असं तो काही म्हणाला नाही. गजाननला मात्र मी तिथेच विचारलं, आज जेवण कुठे? तो म्हणाला, घरी.

निष्पत्ती

भुकटीचा संपर्क तुटल्यावर तीन आठवड्यांत पापण्या पूर्ववत झाल्या, हात सुकायला थोडा जास्त वेळ लागला. दोन आठवडे दारू बंद ठेवायला सांगितलं होतं, त्यातले दहा दिवस त्यानं पाळलं. अकराव्या दिवशी प्यायला, तेव्हा चेहरा थोडा तापला, धडधड नव्हती. महिन्यानंतर काहीच होत नव्हतं.

पुरळ पूर्ण गेल्यावर पॅच टेस्ट केली. पाठीवर चिकटवलेल्या द्रव्यांच्या पट्ट्यांत थायुरम मिश्रणाची जागा ४८ तासांनी लाल होती, ९६ तासांनी बारीक फोडांसह आणखी ठळक. शेडमधली भुकटी थेट पाठीवर लावून बघायचा मोह टाळला. तिनं नुसतीच आग होऊन खोटा निकाल येतो. ही चाचणी फक्त पुरळाचं कारण सांगते. चेहरा तापणं ही ॲलर्जी नव्हे, ते एन्झाइमचं काम आहे, आणि म्हणूनच ॲलर्जी दोघांनाच असली तरी चेहरा सगळ्यांचा तापत होता. त्याचा पुरावा त्या बाकड्यावरच्या यादीतच होता. दारू पाजून खात्री करणं हा पर्याय कधीच नव्हता.

दारू सुटली नाही. त्याला व्यसनमुक्तीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवलं. तो एकदा गेला, पुन्हा नाही. त्यांनी डायसल्फिरामचा विषय काढला होता, पण थायुरमची ॲलर्जी असलेल्याला ते गोळीतूनही अंगभर पुरळ आणू शकतं, असं मी त्यांना चिठ्ठीत कळवलं होतं. दारू सोडवायची दुसरी औषधं आहेत आणि ती वाट अजून खुली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच दवाखान्यात 'दिवसभर काय काम करतोस' एवढं विचारलं गेलं असतं तर दोन आठवडे वाचले असते, आणि सुनंदाचेही. आमच्या बाह्यरुग्ण कागदांवर व्यसनाचा रकाना असतो, कामाचा बहुधा नसतो. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून विदर्भातले डॉक्टर 'फवारणी केली का' हे विचारायला शिकले. पण गजाननला तसं कुणी विचारलं असतं तरी त्यानं नाहीच म्हटलं असतं, आणि ते खरं असतं. बीजप्रक्रिया म्हणजे फवारणी नव्हे, असं सगळेच समजतात. प्रश्न 'औषधाला हात लावता का, बियाण्याला, गोदामात, कुठेही' असा हवा.

दुकानदारावर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करायची तयारी बाकड्यावर झाली होती. त्यांना मी थांबवलं ते यादी आल्यावर. ती आधी गेली असती तर नमुने तपासणीत आठवडे गेले असते आणि तोवर शेडकडे कुणी पाहिलं नसतं. तरीही, हातभट्टीची किंवा सुटी दारू असती तर मी उलट निर्णय घेतला असता. तिथे तक्रार आधी, कारणमीमांसा नंतर.

शेडवर गजाननला पोती शिवायला आणि वत्सलाबाईंना निवडणीवर पाठवून भागलं, कारण ॲलर्जी असलेले दोघंच होते. सगळ्यांनाच ॲलर्जी झाली असती तर भुकटी बदलावीच लागली असती. पातळ स्वरूपातली बीजप्रक्रियेची औषधं मिळतात, त्यांची धूळ उडत नाही. ट्रायकोडर्मासारखे जैविक पर्याय आहेत. युरोपीय संघानं २०१८ मध्ये थायरमची मान्यता काढून घेतली. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्रानं २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यातही थायरमचं नाव होतं.

पुढच्या हंगामात त्या शेडवर दोन ड्रम होते. नव्यानं लागलेल्या एका पोराचा चेहरा बिअर प्यायल्यावर तापला. त्याला गजाननच माझ्याकडे घेऊन आला, पाकिटाचा फोटो फोनमध्ये आधीच काढून.